कोंडाईचा टेका

सगळ्यांच्या डोक्यावर ओझं चढवून दिल्यावर शेवटी जी एकटी उरते, तिच्या डोक्यावर कोण चढवून देतं?

लहानपणी मी हे पुष्कळांना विचारलं. बापाला विचारलं, तो म्हणाला, चल पुढं. शाळेत गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, आधी पाढे म्हण. पाढे आले नाहीत, शाळाही सुटली. देवळात बसणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर ते एकमेकांकडे बघून हसले. अक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला विचारलं, तेव्हा तिनं माझ्या हातावर भाजलेल्या शेंगा ठेवल्या आणि ती चुलीकडे वळली. उत्तर कोणीच दिलं नाही. तुम्हीही देऊ नका. बसा. पाणी प्या. पाठीवरच्या पिशव्या मात्र जमिनीवर ठेवू नका, ह्या दगडांवर ठेवा. इथली तशी रीत आहे.

ह्यालाच कोंडाईचा टेका म्हणतात. बघायला काही विशेष नाही. खिंडीच्या तोंडाशी दगडावर दगड रचलेले. त्याला चुना लावलेला नाही की माती. तरी वाऱ्यानं, पावसानं त्यातला एकही दगड अजून हललेला नाही. उंची आपल्याकडच्या बाईच्या डोक्याइतकी. वर ही सपाट शिळा. हात फिरवून बघा, किती गुळगुळीत झाली आहे. किती माणसांनी आपलं ओझं तिच्यावरून सरकवलं असेल, देवाला माहीत. आणि ह्या बाजूला खाली पांढरट दिसतंय ना, ते मीठ आहे असं सांगतात. ह्या वाटेनं मीठ येणं बंद होऊन कितीतरी पिढ्या झाल्या. पण आमच्या शेळ्या चरता चरता इथं येतात आणि जमीन चाटत उभ्या राहतात. हाकलल्या तरी जात नाहीत.

ही गोष्ट पाहुण्यांना अक्का सांगायची. मी नुसता मागे उभा असायचो. अक्का गेली त्याला फार दिवस झाले नाहीत. तिच्या चपला अजून दारातच आहेत. तेव्हा माझं कुठे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

असं सांगतात, की फार पूर्वी ह्या घाटात ना रस्ता होता, ना बैल चढत होता. खाली कोकणात वेळशेतला बाजार भरायचा. खाडीवरून तिथं मीठ यायचं. वर आमच्या साकुरदऱ्यात आणि पलीकडच्या वाड्यांवर मीठ लागायचंच, माणसांना आणि गुरांनाही. ते वर आणायच्या बायका. जाताना हिरडे घेऊन उतरायच्या, येताना मिठाची पाटी डोक्यावर. पळसाच्या पानांनी पाटी आतून मढवायची, डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवायची आणि त्या चुंबळीवर पाटी. रांगेनं चढायचं. तुम्ही आता ज्या घळीतून, आमच्या भाषेत नाळेतून, धापा टाकत आलात, तीच वाट.

डोक्यावरचं ओझं उतरवणं एकटीला जमतं. चढवणं जमत नाही. भरलेली पाटी जमिनीवरून डोक्यापर्यंत न्यायला समोर दुसरं माणूस लागतं. दोघींनी दोन बाजूंनी धरायचं, हं म्हणायचं आणि उचलायचं. आमच्याकडे ह्याला हात लावणं म्हणतात. आणि एकदा जिच्या डोक्यावर पाटी बसली, तिला वाकता येत नाही. ती मग दुसरीला हात लावू शकत नाही. काठीवाले साहेब, हसू नका. मघाशी ओढ्याजवळ तुमची पिशवी तुमच्या पाठीवर मीच चढवली.

म्हणजे बघा, सगळ्याजणींनी वाटेत विसाव्याला पाट्या उतरवल्या, तर एकमेकींना हात लावत लावत सगळ्या चालत्या होतील, पण एक उरेल. म्हणून रांगेत उतरवायचंच नाही असा त्या बायकांचा नियम होता. वेळशेतहून उचललं की एकदम ह्या खिंडीत. मान मोडली तरी चालेल. धुकं पडलं की मिठाला पाणी सुटायचं. ते पाटीतून झिरपून कपाळावर, डोळ्यांत, मानेवर उतरायचं. मानेला जखमा असायच्या, त्यांत ते मीठ भरायचं. तरी कोणी थांबायची नाही.

आणि मग त्या रांगेत कोंडाई आली, असं सांगतात.

कोंडाई इथलीच, साकुरदऱ्याची. नवरा लवकर वारला म्हणून ती माहेरी परत आली होती. आईबाप आधीच गेलेले. घरात धाकटा भाऊ तेवढा, धाऊ. तिनंच त्याला वाढवला. रूपानं ती काही खास नव्हती, उंचीला बेताची. बोलणंही थोडंच. पण बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायची, असं म्हातारी माणसं अजून सांगतात. एवढ्या पिढ्यांनंतर एखाद्या बाईबद्दल ही एक गोष्ट उरावी, ह्याचं मला नेहमी नवल वाटतं.

पहिल्याच खेपेला ती रांगेच्या शेवटी चालली. नाळेच्या मधल्या वळणावर पुढची एक पोर लटपटायला लागली. ओली बाळंतीण होती म्हणे, अंगावर दूध फुटलेलं. कोंडाई मागून म्हणाली, "उतर गं. घटकाभर टेक. मी हाय मागं."

पोरीनं उतरवलं. तिचं बघून दुसरीनं उतरवलं. मग सगळ्यांनीच. पाणी प्यायल्या, पाय ताणून बसल्या. उठायची वेळ झाली तशी कोंडाई एकेकीच्या समोर उभी राहिली आणि एकेकीला हात लावून तिनं सगळ्यांना चालतं केलं. जाणारीला ती म्हणायची, "सावकाश जा, पुढं दगड निसटता हाय." सगळ्या गेल्या. वळणावर कोंडाई आणि तिची पाटी उरली.

थोड्या वेळानं तीही वर आली. पाटी डोक्यावर, चेहरा घामानं भिजलेला. कोणी काही विचारलं नाही.

पुढच्या खेपेला तसंच झालं. मग ती सवयच पडली. त्या वळणावर आलं की सगळ्या पाट्या खाली. बायकांच्या माना बऱ्या व्हायला लागल्या. रांगेत गाणी सुरू झाली म्हणे. एखादीच्या घरी मूल आजारी असलं तर कोंडाई तिच्या पाटीतलं दोन ओंजळी मीठ आपल्या पाटीत घ्यायची आणि खिंडीत आल्यावर मोजून परत द्यायची. मोजताना त्या बाईच्या बाजूला चिमूटभर जास्त पडायचं. ह्यातलं काही मोठं नाही. देवळात लिहून ठेवावं असं तर काहीच नाही. पण रोज कोणीतरी आपल्याला बस म्हणतं, एवढ्यानं माणसाला वाट कशी सोपी जाते, ते चढणाऱ्यालाच कळतं.

रांगेत भागी नावाची एक बाई होती. तोंडानं फटकळ, मनानं वाईट नव्हती. नवी आलेली एखादी कधी तिला विचारायची, "भागीमावशी, कोंडाई मागनं कशी गं येती? तिला कोण हात लावतं?"

"वाघोबा लावतो," भागी म्हणायची. "ह्या नाळंतला वाघोबा. आपल्याला न्हाय लावायचा तो. आपली तोंडं बघून जाळीत पळतो बिचारा."

सगळ्या हसायच्या. पाटी डोक्यावर असताना हसलं की मान डुगडुगते, तशी मान सावरत सावरत हसायच्या. कोंडाईच्या कानावर गेलं, तीही हसली.

थट्टा म्हणून सुरू झालेली गोष्ट पुढे खरी व्हायला लागली. कोणी म्हणालं, मागून पानं सळसळल्याचा आवाज येतो. कोणी म्हणालं, वळणावर पंजा उमटलेला बघितला. एकीनं तिथल्या दगडाला शेंदूर लावला. दुसरीनं फूल ठेवलं. मग जाता-येता तिथं हात जोडायची पद्धत पडली. वाघोबा, आमच्या कोंडाईला असाच हात लाव रे बाबा, असं खरंच मनापासून म्हणायच्या. मागे वळून बघायला तेवढाच वेळ लागला असता. पण कोणी बघितलं नाही. देवाचं काम चाललेलं असताना बघू नये, अशी समजूत.

धाऊला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तो डोक्यानं तापट, हातानं उतावळा. लोकांची गुरं राखायचा, दोन महिन्यांत भांडून सोडायचा. पण बाजारच्या दिवशी दुपार कलली की भोपळ्यात पाणी आणि फडक्यात भाकरी घेऊन तो इथं खिंडीत येऊन बसायचा. बहीण वर आली की पाटी उतरवायला हात लावायचा, भाकरी तिच्यापुढे ठेवायचा. ती अर्धी खायची, अर्धी त्याला द्यायची. त्याला जगात तेवढंच एक माणूस होतं.

त्या दिवशी, असं सांगतात, सकाळपासूनच धुकं होतं. कोंडाईच्या अंगात ताप होता. घरून निघतानाच होता, पण बोलली नाही. येताना मीठ ओलं झालं, पाट्या जड झाल्या. वळणावर नेहमीसारख्या सगळ्यांनी पाट्या उतरवल्या आणि नेहमीसारखं कोंडाईनं सगळ्यांना हात लावून पुढे पाठवलं. एकीला तिचा हात पोळला. ती म्हणाली, "कोंडाई, हात गरम लागतोय गं." कोंडाई म्हणाली, "मिठाचा आसंल. चल तू."

रांग खिंडीत पोचली. धाऊ उठून उभा राहिला.

"अक्का कुठाय?"

"येतीया मागनं," पुढची म्हणाली.

"तू बघितलीस?"

"मी कशी बघू? मी पुढं होते. मागल्यांना इचार."

त्यानं मागलीला विचारलं. तिनं तिच्या मागलीकडे बोट केलं. असं करत करत तो भागीपाशी आला. भागी रांगेत सगळ्यांत शेवटी होती.

"माझ्या मागं कोंडाईच असती की रोज," भागी म्हणाली. "यील आता. वाघोबा हाय तिच्या संगं."

धाऊनं भाकरी टाकली आणि तो नाळेत उतरला.

कोंडाई वळणावरच होती. पाटी तिनं जमिनीवरून मांडीपर्यंत आणली होती, मांडीवरून छातीपर्यंत. तिथून पुढे ताकद संपली. एका बाजूला कातळ, एका बाजूला ती आणि मधे ती पाटी, अशी ती दाबून उभी होती. खाली टाकावी तर मीठ सांडेल, वर न्यावी तर हात उचलत नाहीत. किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. मिठाचं पाणी तिच्या दंडावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं.

धाऊला बघून ती म्हणाली, "हात लाव रं जरा."

सगळ्या जन्मात तिनं कोणाला हे म्हटलं नव्हतं, असं सांगतात.

धाऊनं हात लावला. पण त्याला राग इतका आला होता की त्यानं ती पाटी धरली आणि तशीच दरीत भिरकावून दिली. मीठ उताराभर पसरलं. कोंडाई खाली बसली. त्या पांढऱ्या उताराकडे बघत राहिली. रागावली नाही. दमलेल्या आवाजात एवढंच म्हणाली, "ठकू म्हातारीच्या घरात मीठ न्हाय रं. वाट बघत आसंल ती."

धाऊनं तिला पाठीवर घेतलं आणि तो चढायला लागला.

काय म्हणालात, सगळ्यांत मागून आलेल्या मावशी? वाचली का?

अक्का सांगायची तेव्हा वाचायची. खिंडीत आल्यावर कोंडाई डोळे उघडायची, पाणी मागायची, मग सगळ्याजणी मिळून तिला घरी न्यायच्या. गावात कोणी असं सांगत नाही. मी एकदा अक्काला म्हटलं, तू शेवट का बदलतेस? ती म्हणाली, "अरं, माणसं लांबून आल्यात. अजून उतरायचंय त्यांना. मन जड झालं की पाय घसरतो. आपल्याला काय लागतं दोन शब्द गोड सांगायला?" अक्का अशी होती. मला तसं येत नाही. माझ्या तोंडून ते निघत नाही, मावशी. कोंडाई खिंडीत पोचायच्या आधीच गेली. त्याच्या पाठीवर गेली. त्याला कळलंही नाही. तो तिच्याशी बोलत बोलत चढत होता म्हणे.

बायका पाट्या न उतरवता खिंडीतच थांबल्या होत्या. धाऊनं बहिणीला गवतावर ठेवलं तेव्हा त्यांना कळलं. रडारड झाली. पाटी डोक्यावर असताना धड रडताही येत नाही, पदरही डोळ्यांना लावता येत नाही. म्हणून त्या तशाच ताठ मानेनं उभ्या राहून रडत होत्या.

धाऊ वाट अडवून उभा राहिला. म्हणाला, "उतरवा."

"धाऊ, येड्यावानी करू नगंस," भागी म्हणाली. "तिला घरी न्यायची हाय. दिवस उतरतोय."

"उतरवा म्हणतोय ना."

त्याच्या तोंडाकडे बघून सगळ्यांनी पाट्या खाली ठेवल्या. मग धाऊ म्हणाला, "आता चढवा. मी हात लावणार न्हाय. तुमच्या तुम्ही चढवा, आन् जावा घरी."

त्या एकमेकींना हात लावू लागल्या. एक चालती झाली, दुसरी झाली. सगळ्या झाल्या आणि शेवटी भागी उरली. तिची पाटी जमिनीवर, आणि बाकीच्या सगळ्या पाट्या डोक्यावर घेऊन उभ्या.

"आता हिच्या डोक्यावर कोण चढवायचं?" धाऊनं विचारलं. "माझ्या अक्काच्या डोक्यावर कोण चढवायचं रोज? सांगा."



भागीनं एकटीनं उचलून बघितलं. मांडीपर्यंत आणली, पुढे जाईना. मीठ सांडलं. परत बघितलं.   शेवटी पाटी खाली ठेवून ती कोंडाईपाशी जाऊन बसली आणि तिच्या तळव्यांवरचं मीठ आपल्या पदरानं पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "बाई गं, कशी करायचीस तू? मला न्हाय येत."

ते ऐकून त्या पोरीनं, पहिल्या खेपेला ओली बाळंतीण असताना जिला कोंडाईनं बस म्हटलं होतं, आपली पाटी खाली ठेवली आणि ती भागीला हात लावायला गेली. भागी उभी राहिली, पाटी चढली. पण आता ती पोर उरली. तिला तसं सोडून जाववेना म्हणून तिसरीनं आपली उतरवली. पोरीची चढली, तर तिसरी उरली. असं चाललं. कोणीतरी शेवटी उरायचंच, आणि त्या दिवशी उरलेलीला टाकून कोणालाच जाववेना. धाऊ बघत होता. बघता बघता त्याचा राग गळून गेला म्हणे. तो मधे आला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. समद्याच ठेवा खाली."

सगळं मीठ खिंडीत टाकून त्यांनी कोंडाईला उचललं आणि गावात नेलं.

दुसऱ्या दिवशी परत आल्या तेव्हा दवानं पाट्या निथळून गेल्या होत्या. मीठ जमिनीत उतरलं होतं. ते हे, शेळ्या चाटतात ते. गावात त्या आठवड्यात सगळ्यांनी अळणी खाल्लं.

मग खिंडीत टेका रचायचा ठरला. म्हणजे कोणी बसून ठरवलं असं नाही. भागी एक दगड घेऊन आली आणि तिनं तो इथं ठेवला. मग दुसरीनं ठेवला. उंची किती करायची ते कळेना, तेव्हा धाऊला उभा केला. तो म्हणाला, अक्का माझ्या खांद्याला लागायची. त्याच्या खांद्यापर्यंत रचलं. त्या उंचीच्या दगडावर पाटी ठेवली, की जरा वाकून तिच्याखाली डोकं घालायचं आणि सरळ व्हायचं. कोणाचा हात लागत नाही. शेवटी उरलेलीलाही चालतं होता येतं. इतकं साधं होतं ते. वरची शिळा भागीनं स्वतःच्या डोक्यावर आणली, आणि ती चढवताना सगळ्या जणींनी तिला हात लावला. तशीच दुसरी रास खालच्या वळणावरही रचली होती. ती पुढे दरड कोसळून गेली. शेंदूर लावलेला दगडही तिच्याबरोबर गेला.

धाऊचं काय झालं ते थोडंच सांगतात. पुढच्या बाजारला तो स्वतः खाली उतरला आणि मिठाची पाटी डोक्यावर घेऊन आला. तेव्हा पुरुष डोक्यावर मीठ वाहत नसत. वेळशेतच्या बाजारात लोक हसले. एकजण म्हणाला, "काय रं, बायकांत नाव घातलं का?" तापट धाऊनं पाटी सावरली. रांगेच्या शेवटी चालत तो वर आला. इथं पोचल्यावरही तो मागेच थांबणार, तर भागीनं त्याचा दंड धरला आणि त्याला रांगेच्या पुढे नेऊन उभा केला. "शेवटचा आता पुढं," म्हणाली. त्यानं ते मीठ ठकू म्हातारीच्या घरी नेऊन दिलं. तिनं विचारलं, कोंडाई का नाही आली? त्यानं काय सांगितलं, ते कोणाला माहीत नाही.

आजही ह्या खिंडीत आलं की सगळ्यांत मागचा माणूस इथून पुढे चालतो. मावशी, आता तुम्ही पुढे. तुमच्या चालीनं आम्ही येऊ. आणि गावात गेलात की तुमच्या कानावर पडेल, कोणीही कुठूनही उठताना आधी विचारतं, "मागं कोण?" पंगतीतून उठताना विचारतात, हातपंपावरून हंडे घेऊन निघताना विचारतात. एसटीचा कंडक्टर बाहेरगावचा आहे, पण तोही घंटी मारायच्या आधी विचारतो. न विचारता कोणी निघालंच तर म्हाताऱ्या त्याला हाक मारून परत बोलावतात. लग्नात पहिलं पान नवरदेवाला नसतं. चुलीपुढं जी बाई बसलेली असते तिला धरून आणतात, हात धुवायला पाणी देतात आणि तिचं पहिलं पान वाढतात. ती लाजते, नको नको म्हणते. तरी बसवतात.

आमचं गाव चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. अक्कालाही सगळे विचारायचे. पंपावर, शेतातून निघताना, पाहुण्यांची पातेली घेऊन ह्या चढावर येताना, मागं कोण? अक्का म्हणायची, मी हाय, व्हा पुढं. मग लोक पुढे व्हायचे. विचारल्यावर आणखी काय करायचं असतं, ते गोष्टीत नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातून तिला आणली तेव्हा उन्हं वर आली होती. आंघोळ घालायला गावातल्या बायका येणार होत्या, अंगणात पाणी तापत होतं. मी दार लोटून घेतलं. अक्काच्या टाळूवर केस नव्हते. हंडे, पातेली, सरपण, वर्षानुवर्षं त्याच जागी ठेवून तिथलं कातडं चकचकीत झालं होतं, तळव्यासारखं कडक. पदर ती कधी खाली येऊ द्यायची नाही. मलाही त्या दिवशीच दिसलं. मी फडताळातून तिचा कंगवा घेतला, तेलाचा हात केला, दोन्ही बाजूंचे केस हळूहळू वर आणले आणि त्या जागेवर नीट बसवले. मग दार उघडलं.